प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करताना: सच्छिद्र पदार्थाची स्तंभचाचणी क्रमवार कशी करावी

प्रोपिलीन उणे ४७.६ अंश सेल्सिअसला उकळते आणि प्रोपेन उणे ४२.१ अंशाला. उत्कलनबिंदूंतील एवढ्याशा फरकावर ऊर्ध्वपातनाने हे दोन वायू वेगळे करायचे, तर शंभराहून अधिक थरांचा मनोरा आणि भरपूर ऊर्जा लागते. म्हणूनच झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे ॲल्युमिनोसिलिकेट स्फटिक) किंवा धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे मॉफ, यांसारख्या सच्छिद्र पदार्थांवर हे काम सोपवण्याचे प्रयत्न होतात. असा पदार्थ प्रयोगशाळेत तपासताना ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांतील बहुतेक चुका पदार्थाच्या निवडीत नसून कामाच्या क्रमात असतात. एकेका वायूचे अधिशोषण, म्हणजे छिद्रांच्या पृष्ठभागावर वायू धरला जाणे, मोजून त्यावरून निवडकतेचा (एक वायू दुसऱ्यापेक्षा किती जास्त धरला जातो याचा) मोठा आकडा काढला जातो आणि स्तंभात, म्हणजे पदार्थाने भरलेल्या नळीत, मिश्रण सोडण्याची चाचणी शेवटी, घाईघाईने, ओलसर नमुन्यावर उरकली जाते. खालील टप्पे प्रोपिलीन-प्रोपेन ही जोडी समोर ठेवून लिहिले आहेत. दुसऱ्या जोड्यांसाठी जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसा उल्लेख केला आहे.

टप्पा १: कोणता घटक शुद्ध हवा आणि तो कोणत्या क्षणी मिळणार, हे आधी ठरवावे

स्तंभातून मिश्रण सोडले की कमी धरला जाणारा घटक आधी बाहेर पडतो आणि जास्त धरला जाणारा घटक आत साठत जातो. पहिला घटक अधिशोषण चालू असतानाच शुद्ध मिळू शकतो. दुसरा मात्र पदार्थावरून सोडवून घ्यावा लागतो आणि त्या वेळी त्याच्याबरोबर थोडा पहिला घटकही येतो. उत्पादन म्हणून प्रोपिलीन हवे असेल आणि पदार्थ प्रोपिलीनच धरून ठेवत असेल, तर खरी परीक्षा अधिशोषणाची नसून सोडवणुकीची असते. बहुतेक अहवाल नेमके तिथेच थांबलेले दिसतात.

इथिलीन-इथेनच्या बाबतीत हा मुद्दा अधिक ठळक होतो. इथेनला जास्त ओढणारा पदार्थ मिळाला, तर इथिलीन पहिल्याच टप्प्यात शुद्ध बाहेर येऊ शकते. लोहाच्या जागांवर पेरॉक्सो गट बसवलेला असा एक मॉफ २०१८ साली प्रसिद्ध झाला. असे पदार्थ थोडे आहेत, कारण दुहेरी बंध असलेला रेणू उघड्या धातू-आयनांना सहसा अधिक घट्ट चिकटतो.

टप्पा २: वेगळेपणा कशामुळे होणार आहे, ते ओळखावे

याची तीन कारणे संभवतात आणि प्रत्येकासाठी पुढची मोजमापे वेगळी असतात.

पहिले कारण चाळणीचे. एक रेणू छिद्रात शिरतो आणि दुसरा शिरूच शकत नाही. कॅल्शियमयुक्त ५ए झिओलाइटमध्ये सुमारे ०.४३ नॅनोमीटर रुंदीचे सरळ साखळीचे अल्केन शिरतात, पण सुमारे ०.५ नॅनोमीटरचे आयसोब्युटेन बाहेरच राहते. सरळ आणि फांद्या असलेल्या अल्केनांचे औद्योगिक विलगीकरण याच फरकावर चालते.

दुसरे कारण गतीचे. दोन्ही रेणू आत जातात, परंतु एक फार सावकाश जातो. सोडियमयुक्त ४ए झिओलाइटमध्ये प्रोपिलीन बऱ्यापैकी वेगाने शिरते, तर प्रोपेनला फार वेळ लागतो.

तिसरे कारण ओढीचे. दोन्ही रेणू सहज आत जातात, पण एकाचे बंधन अधिक घट्ट असते. १३एक्स झिओलाइटची छिद्रे या दोन्ही वायूंसाठी पुरेशी मोठी असल्याने तिथे चालतो तो मुख्यतः सोडियम आयन आणि प्रोपिलीनचा दुहेरी बंध यांच्यातील आकर्षणाचा फरक.

इशारा: स्फटिकरचनेवरून काढलेली छिद्राची रुंदी हा अंतिम निकाल मानू नये. झेडआयएफ-८ या मॉफच्या छिद्राची खिडकी कागदावर ०.३४ नॅनोमीटरची आहे, तरीही तिच्यातून प्रोपिलीन आत जाते, कारण खिडकीच्या कडेचे सेंद्रिय दुवे हलतात आणि वाट रुंदावते. तिथे प्रोपेनही जाते, फक्त पुष्कळ सावकाश. २०१६ साली पुढे आलेल्या केएयूएसटी-७ या पदार्थात मात्र नायोबियमयुक्त खांबांमुळे दुव्यांची ही हालचाल रोखली जाते आणि प्रोपेन जवळजवळ बाहेरच राहते.

टप्पा ३: कण तयार करावेत

बारीक भुकटी स्तंभात भरली, तर दाब इतका घटतो की प्रवाह स्थिर राहत नाही. फार मोठ्या गोळ्या भरल्या, तर भिंतीलगत वायू मोकळा निसटतो. स्तंभाचा आतील व्यास कणाच्या व्यासाच्या किमान दहापट असावा, हा साधा नियम पाळावा. १० मिलिमीटर व्यासाच्या नळीत बाजारातील १.६ मिलिमीटरच्या गोळ्या जशाच्या तशा भरू नयेत. त्या फोडून ०.५ ते ०.८५ मिलिमीटर या मापात चाळून घ्याव्यात आणि चाळणीखाली पडलेला भुगा टाकून द्यावा.

भुकटी दाबून वड्या करायच्या असतील, तर दाब हळूहळू वाढवून पाहावा. अनेक मॉफ दाबाखाली कोसळतात, आणि वडी बाहेरून सुबक दिसत असली तरी आतील छिद्रे गेलेली असू शकतात. दाबण्यापूर्वीचा आणि दाबल्यानंतरचा नमुना क्ष-किरण विवर्तनाने तपासावा आणि पृष्ठफळही पुन्हा मोजावे. बाजारातील गोळ्यांमध्ये बंधकद्रव्यही असते. त्यामुळे त्यांची धारणक्षमता शुद्ध स्फटिकांच्या प्रकाशित आकड्यांपेक्षा कमी आली, तर त्यात दोष शोधू नये.

तपासणी: पृष्ठफळ मोजताना पद्धत पदार्थाला शोभेल अशी निवडावी. अरुंद छिद्रांच्या ४ए झिओलाइटमध्ये ७७ केल्विनला नायट्रोजन जवळपास शिरत नाही. त्यावरून पदार्थ निकामी ठरवणे ही नेहमीची चूक आहे. अशा वेळी २७३ केल्विनला कार्बन डायऑक्साइड वापरून पाहावे.

टप्पा ४: सक्रियीकरण, म्हणजे छिद्रे खरोखर रिकामी करणे

निम्मे अपयश या टप्प्यावर ठरते, म्हणून इथे घाई करू नये.

१३एक्स झिओलाइट उघड्या हवेत ठेवले, तर ते वजनाच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढे पाणी धरू शकते. प्रोपिलीन ज्या जागांवर बसणार, त्याच जागा हे पाणी आधी अडवते. पदार्थ कोरड्या नायट्रोजनच्या किंवा हेलियमच्या प्रवाहात, अथवा निर्वातात, मिनिटाला १ ते २ अंशांच्या गतीने तापवावा. सुमारे १२० अंशांवर तासाभराहून अधिक थांबून बहुतेक पाणी निघून जाऊ द्यावे, आणि मगच ३५० अंशांपर्यंत नेऊन रात्रभर ठेवावे. एकदम तापवल्यास आत अडकलेली वाफ स्फटिकाच्या चौकटीवर हल्ला करते आणि एकदा गेलेली धारणक्षमता परत येत नाही.

मॉफची तऱ्हा वेगळी आहे. डायमिथिलफॉर्मामाइडसारखे द्रावक १५३ अंशांना उकळते आणि छिद्रांत घट्ट बसते. ते थेट तापवून काढण्याऐवजी नमुना मिथेनॉलमध्ये किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये बुडवून, द्रावक अनेक वेळा बदलून, मगच मध्यम तापमानाला निर्वातात कोरडा करावा. तापमानाची मर्यादा त्या पदार्थाच्या उष्मा-भारमापन आलेखावरून (तापवताना वजन कसे घटते ते दाखवणाऱ्या) ठरवावी. शेजारच्या प्रयोगात चालले म्हणून तेच तापमान वापरू नये. तांबेयुक्त एचकेयूएसटी-१ फिकट निळ्याचा गडद जांभळट निळा झाला, तर पाणी गेल्याची खूण डोळ्यांनाच मिळते. इतर पदार्थांत अशी सोय क्वचितच असते.

तपासणी: सक्रियीकरण शक्यतो स्तंभातच करावे, दोन्ही टोकांच्या झडपा बंद करून स्तंभ तोलावा आणि त्यावरून कोरड्या पदार्थाचे वजन काढावे. भरतानाचे वजन हिशोबात धरले, तर पाण्याचा वाटा पदार्थाच्या नावावर जमा होतो आणि पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

इशारा: द्विसंयुजी लोहाच्या उघड्या जागा असलेले मॉफ हवेचा स्पर्शही सहन करत नाहीत. त्यांची हाताळणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ग्लोव्ह बॉक्समध्येच व्हावी.

टप्पा ५: एकेका वायूची मोजमापे, समतोलाची आणि गतीचीही

दोन्ही वायूंचे समतापी वक्र, म्हणजे स्थिर तापमानाला दाबानुसार किती वायू धरला जातो याचे आलेख, किमान तीन तापमानांना मोजावेत. प्रत्येक बिंदूवर दाब खरोखर स्थिर होईपर्यंत थांबावे, कारण उपकरण ठरावीक मिनिटांनी पुढे सरकते आणि सावकाश शिरणाऱ्या वायूचे अधिशोषण अपुरे असतानाच नोंदवले जाते. असा अर्धवट वक्र ‘उत्तम निवडकता’ दाखवतो, पण तो पदार्थाचा गुण नसून घाईचा परिणाम असतो. अधिशोषणाचा आणि सोडवणुकीचा असे दोन्ही वक्र घ्यावेत. कमी दाबावर ते एकमेकांवर बसत नसतील, तर समतोल झालेला नाही किंवा रेणू आत अडकून पडत आहे. चौकट लवचीक असली तरी असे घडते, त्यामुळे थांबण्याचा वेळ वाढवून पुन्हा मोजावे.

त्यानंतर दाबात छोटी उडी देऊन अधिशोषण काळानुसार कसे वाढते, ते नोंदवावे. टप्पा २ मधील उत्तर गतीचे असेल, तर ही नोंद समतापी वक्राहून महत्त्वाची ठरते.

एकघटकी वक्रांवरून मिश्रणाचे वर्तन वर्तवण्यासाठी मायर्स आणि प्राउस्निट्झ यांनी १९६५ साली मांडलेला आदर्श अधिशोषित द्रावणाचा सिद्धांत वापरतात. तो दोन्ही रेणूंना पदार्थाचा तोच पृष्ठभाग खुला आहे आणि समतोल साधला आहे, असे धरून चालतो. चाळणीसारख्या पदार्थात एक रेणू आतच जात नाही. तिथे हा सिद्धांत लावल्यास निवडकता हजारोंच्या घरात दिसते, परंतु ती एका जवळपास शून्य संख्येने भागल्यामुळे आलेली असते. अशा आकड्यावर एक ओळही खर्च करू नये.

टप्पा ६: स्तंभ भरून रिकामी चाचणी घ्यावी

कण थोडे थोडे ओतून, नळीला हलके ठोके देत भरावेत आणि दोन्ही टोकांना काचलोकर लावावी. तापमापी तारेचे टोक नळीच्या भिंतीवर न ठेवता कणांच्या मध्यात असावे. हेलियमने गळती तपासावी.

मग तेवढ्याच मापाच्या काचेच्या मण्यांनी भरलेल्या स्तंभातून, त्याच प्रवाहाने, तेच मिश्रण सोडून रिकामी चाचणी घ्यावी. नळ्या, झडपा आणि शोधक यांत वायूला पोहोचायला किती वेळ लागतो आणि सांधे बाहेर येणाऱ्या वायूच्या प्रमाणाचा काळानुसार वक्र किती पसरवतात, हे याशिवाय कळत नाही. ही चाचणी वगळली, तर नळ्यांतला उशीर धारणक्षमता म्हणून मोजला जातो.

प्रवाह-नियंत्रकाचीही इथेच खात्री करावी. नायट्रोजनसाठी जुळवलेल्या औष्णिक नियंत्रकाला प्रोपेन जोडले, तर प्रत्यक्ष प्रवाह दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. बुडबुडा-मापीने प्रत्येक वायू स्वतंत्रपणे मोजावा.

टप्पा ७: मिश्रण सोडावे

सुरुवातीला अंदाज बांधावा. १० मिलिमीटर व्यासाच्या आणि २०० मिलिमीटर लांबीच्या स्तंभात सुमारे १० ग्रॅम १३एक्स मावते. ग्रॅममागे २.५ मिलिमोल प्रोपिलीन धरले, तर एकूण २५ मिलिमोल होतात. समसमान मिश्रण मिनिटाला २० मिलिलिटर सोडले, तर प्रोपिलीन मिनिटाला सुमारे ०.४१ मिलिमोल येते आणि ते साधारण तासाभराने स्तंभाबाहेर डोकावायला हवे. प्रत्यक्षात ते दहा मिनिटांत दिसले, तर पदार्थाला दोष देण्यापूर्वी ओलावा, भिंतीलगतची पळवाट आणि प्रवाहाचा आकडा या क्रमाने तपासावे.

याच आकड्यांवरून उष्णतेचाही अंदाज येतो. मोलमागे सुमारे ४० किलोज्यूल उष्णता धरली, तर २५ मिलिमोल अधिशोषणात १ किलोज्यूल बाहेर पडते. ती सगळी १० ग्रॅम झिओलाइटमध्येच राहिली, तर तापमान शंभरेक अंशांनी चढेल. नळीच्या भिंतीतून बरीच उष्णता निघून जाते, तरीही काही अंशांची वाढ दिसतेच आणि तापलेल्या जागी पदार्थ कमी वायू धरतो. म्हणून तापमानाचा आलेख वक्राबरोबरच जपून ठेवावा. वाढ जास्त असेल, तर मिश्रणात हेलियम मिसळून किंवा प्रवाह कमी करून चाचणी पुन्हा घ्यावी.

बाहेर पडणाऱ्या वायूचे विश्लेषण वस्तुमान-वर्णपटमापीने करताना विशेष जपावे. प्रोपिलीनची मुख्य शिखरे ४१ आणि ४२ या वस्तुमानांवर असतात, पण प्रोपेनचे तुकडेही तिथे थोडे उमटतात. प्रोपेनसाठी २९ आणि ४४ पाहावे आणि दोन्ही वायू स्वतंत्रपणे सोडून परस्परांची भेसळ आधीच ठरवून घ्यावी. गॅस क्रोमॅटोग्राफ अधिक भरवशाचा असतो, मात्र दोन नमुन्यांमधील वेळात वक्राची संपूर्ण चढण निसटू शकते. चढण तीव्र असेल, तर दोन्ही उपकरणे जोडीने वापरणे उत्तम.

इशारा: हवेत सुमारे २ टक्के प्रोपिलीनदेखील पेट घेऊ शकते. बाहेर पडणारा वायू धुराड्यात सोडावा, आणि हायड्रोकार्बन आत घेण्यापूर्वी स्तंभातील सगळी हवा हेलियमने काढून टाकावी. चाचणीनंतर स्तंभ लगेच उघडू नये, कारण वरच्या उदाहरणातील १० ग्रॅम पदार्थात ६०० मिलिलिटरहून अधिक प्रोपिलीन दडलेले असते.

इशारा: चांदीचे किंवा एकसंयुजी तांब्याचे आयन असलेल्या पदार्थावर ॲसिटिलीनचा अंश असलेले मिश्रण सोडू नये. तयार होणारी ॲसिटिलाइडे कोरडी झाल्यावर स्फोटक असतात.

टप्पा ८: हिशोब करताना बाहेरचा प्रवाह स्थिर धरू नये

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि ती आलेखात दिसत नाही. समसमान मिश्रण मिनिटाला २० मिलिलिटर आत जात आहे, प्रोपेन बाहेर येऊ लागले आहे आणि प्रोपिलीन पूर्ण अडकत आहे, असे समजू. त्या वेळी बाहेरचा प्रवाह साधारण १० मिलिलिटरच असतो आणि तो जवळजवळ सगळा प्रोपेनचा असतो. हिशोबात २० मिलिलिटर धरले, तर जेवढे प्रोपेन आत गेले त्याच्या दुप्पट बाहेर आल्याचे दिसते, आणि प्रोपेनचे अधिशोषण शून्याकडे झुकून निवडकता आकाशाला भिडते.

उपाय सोपा आहे. स्तंभानंतर ठाऊक प्रवाहाने आर्गॉन मिसळावा आणि त्याच्या पातळ होण्यावरून एकूण प्रवाह क्षणाक्षणाला काढावा. मग प्रत्येक घटकासाठी आत गेलेल्यातून बाहेर आलेला वजा करून, काळावर बेरीज घ्यावी आणि त्यातून कणांमधील मोकळ्या जागेतला व नळ्यांमधला वायू वजा करावा.

प्रोपेनचे प्रमाण काही काळ आत सोडलेल्या प्रमाणाहून वर गेले, तर ती उपकरणाची चूक समजू नये. आधी बसलेल्या प्रोपेनला मागून येणारे प्रोपिलीन हुसकावून लावते, म्हणून असा फुगवटा येतो. तो फुगवटा कापून टाकून केलेला हिशोब चुकीचाच ठरतो.

तपासणी: चाचणीनंतर स्तंभातून सोडवलेला वायू स्वतंत्रपणे मोजावा. अधिशोषणाचा आणि सोडवणुकीचा हिशोब पाच टक्क्यांच्या आत जुळत नसेल, तर निवडकता जाहीर करू नये.

टप्पा ९: सोडवणूक आणि मिळालेल्या वायूची शुद्धता

हेलियमने धुऊन सोडवणुकीचा वक्र मिळतो, उत्पादन मिळत नाही. हाती येते ते हेलियममध्ये विरघळून गेलेले प्रोपिलीन. शुद्धता तपासायची असेल, तर निर्वाताने सोडवावे आणि बाहेर येणारा वायू पिशवीत किंवा टाकीत गोळा करून तपासावा.

निर्वात लावण्यापूर्वी एक पाऊल मात्र विसरू नये. वरच्या १५.७ मिलिलिटरच्या स्तंभात कणांमधील मोकळी जागा सुमारे ४० टक्के धरली, तर तिथे मिश्रणातील जवळपास ०.१३ मिलिमोल प्रोपेन रेंगाळत असते. पदार्थावर प्रोपेनचा एकही रेणू बसलेला नाही असे मानले, तरी एवढ्यानेच २५ मिलिमोल प्रोपिलीनमध्ये अर्धा टक्का भेसळ होते. पॉलिमर दर्जाच्या प्रोपिलीनला साधारण ९९.५ टक्के शुद्धता लागते, म्हणजे सगळी सवलत इथेच संपली. म्हणून अधिशोषणाच्याच दाबाला थोडे शुद्ध प्रोपिलीन त्याच दिशेने सोडून मोकळ्या जागेतले आणि सैल बसलेले प्रोपेन पुढे ढकलावे. ढकललेला वायू पुन्हा कच्च्या मिश्रणात मिसळावा आणि मगच निर्वात लावावा. या धुण्यात जेवढे प्रोपिलीन खर्ची पडते, ते उत्पादनातून वजा दाखवावे.

द्रवावस्थेतील जोड्यांत हीच भूमिका सोडवणाऱ्या द्रवाकडे असते. पॅरा-झायलीन १३८.४ अंशांना उकळते आणि मेटा-झायलीन १३९.१ अंशांना. बेरियम किंवा पोटॅशियम घातलेले फॉजेसाइट वर्गातील झिओलाइट पॅरा-झायलीन धरून ठेवते आणि पॅरा-डायइथिलबेंझीनने ते हुसकावून घेतात. हा द्रव नंतर ऊर्ध्वपातनाने सहज वेगळा होतो, म्हणूनच तो निवडलेला असतो. सोडवणारा द्रव पॅरा-झायलीनपेक्षा फार घट्ट किंवा फार सैल बसणारा असेल, तर पदार्थ कितीही चांगला असला तरी चक्र चालत नाही.

प्रोपिलीन आतच असताना स्तंभ तापवण्याचा मोह टाळावा. आम्लधर्मी जागांवर तापलेले प्रोपिलीन एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवते आणि त्या छिद्रे बुजवतात. आधी दाब घटवून बहुतेक वायू काढावा, त्यानंतरच हळूहळू तापवावे.

शेवटी त्याच स्तंभावर अधिशोषण आणि सोडवणूक आलटून पालटून करावी, आणि प्रत्येक फेरीत वापरता येणारी धारणक्षमता, म्हणजे दोन दाबांमधील फरक, नोंदवावी. पहिल्या फेरीचा आकडा अहवालात वेगळा ठेवावा, कारण तो पूर्ण तापवून रिकाम्या केलेल्या पदार्थाचा असतो आणि पुढच्या फेऱ्यांत तेवढी रिकामी अवस्था पुन्हा येत नाही. फेऱ्यांगणिक आकडा स्थिरावला, तर तोच खरा धरावा. तो घसरतच राहिला, तर टप्पा ४ मधील पद्धतीने पदार्थ पुन्हा पूर्ण सक्रिय करून पाहावा. क्षमता परत आल्यास पाणी किंवा जड हायड्रोकार्बन साठत होते, आणि परत न आल्यास स्तंभातून नमुना काढून विवर्तनाने चौकट तपासावी.